गिरीश बापट आणि कसबा: पाच वेळा आमदार झाले, पण 'बालेकिल्ला' खरंच होता का?

शनिवारकर

2024 च्या विधानसभेत भाजपचे हेमंत रासने पुण्यातल्या कसबा पेठ मतदारसंघातून साडेएकोणीस हजारांच्या आसपास मताधिक्याने निवडून आले आणि बालेकिल्ला परत आला ही भाषा पुन्हा सुरू झाली. मी जन्मापासून पेठेतला. मला हा शब्द पटत नाही. कसबा भाजपला आयता कधीच मिळालेला नाही. गिरीश बापटांनी खपून, दर निवडणुकीला नव्याने तो मिळवला, असं माझं ठाम मत आहे. त्यावर बोलावं म्हणून हा धागा.

मागे जाऊन बघा. 1980 ला इथून भाजपचे अरविंद लेले आले, 1985 ला काँग्रेसचे उल्हास काळोखे, 1990 ला भाजपचे अण्णा जोशी. म्हणजे पेठा आलटून पालटून कौल देत होत्या. 1991 ला अण्णा जोशी लोकसभेला विठ्ठलराव गाडगिळांना हरवून खासदार झाले, कसब्याची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत भाजपने बापटांना उभं केलं. ते पडले. काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले. टेल्कोत नोकरी केलेला, आणीबाणीत 19 महिने नाशिकच्या तुरुंगात काढलेला, 1983 पासून महापालिकेत असलेला हा माणूस विधानसभेच्या पहिल्याच लढाईत हरला.

मग 1995, 1999, 2004, 2009, 2014. सलग पाच. मधे 1996 ला लोकसभेला सुरेश कलमाडींसमोर हार. 2014 ला लोकसभेचं तिकीट हवं होतं, ते अनिल शिरोळेंना गेलं. त्याच वर्षी राज्यात मंत्रीपद आणि पुण्याचं पालकमंत्रीपद मिळालं. 2019 ला अखेर खासदार, तेही सव्वातीन लाखांच्या आसपास मताधिक्याने. 29 मार्च 2023 ला ते गेले. त्याआधी जेमतेम चार आठवडे, 2 मार्चला, पोटनिवडणुकीच्या निकालात त्यांचा कसबा काँग्रेसकडे गेला होता.

माझा प्रश्न एवढाच: ही पाच वेळची निवडून येण्याची ताकद नक्की कशाची होती? माणसाची, पक्षाची, की समोरच्यांच्या फुटीची?

आकडेमोड

फुटीची. आकडे समोर ठेवतो.

2009 ला बापटांना 55 हजारांच्या आसपास मतं होती. मनसेचे रवींद्र धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक, दोघंही 47 हजारांच्या आसपास. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात शंभरेक मतांचा फरक. बापट आठ हजारांनी निघाले, पण त्यांच्या विरोधात पडलेली मतं त्यांच्या मतांच्या दीडपटीहून जास्त होती. 2014 ला युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या, सगळे स्वतंत्र लढले. बापट साडेत्र्याहत्तर हजारांवर गेले, मताधिक्य 42 हजारांचं. ऐकायला प्रचंड वाटतं. पण काँग्रेस, मनसे आणि राष्ट्रवादी या तिघांची बेरीज केली तर ती बापटांच्या मतांच्या आसपास जाते.

आता 2023. समोर एकच उमेदवार, महाविकास आघाडी त्याच्या पाठीशी, मनसेचा उमेदवार नाही. आता काँग्रेसकडून लढलेल्या धंगेकरांना 73 हजारांवर मतं. 2014 ला बापटांना जितकी, जवळपास तितकीच. रासने 62 हजारांवर थांबले. बालेकिल्ला होता तो मतविभाजनाचा.

जुना_मतदार

आकडेमोड, तुमची बेरीज कागदावर बरोबर असेल, पण मतं अशी बेरजेला येत नाहीत हो. धंगेकर मूळचे शिवसेनेचे, नंतर मनसेत गेले. 2009 ला त्यांना मत देणारा माणूस बहुतेक आदल्या निवडणुकीत युतीला मत देणारा होता. मनसे नसती तर तो काँग्रेसच्या पंजावर बटण दाबणार होता का? माझ्या चाळीतली निम्मी पोरं त्या वर्षी इंजिनाकडे गेली. त्यांच्या घरात काँग्रेसला मत देण्याची प्रथाच नव्हती. म्हणजे 2009 ची फूट बापटांच्या फायद्याची नव्हती, त्यांच्याच मतांना भगदाड पाडणारी होती. त्यातूनही ते तरले, हे लक्षात घ्या.

आणखी एक मुद्दा राहून जातो. 2008 च्या पुनर्रचनेत मतदारसंघ बदलला. भवानी पेठ हा मतदारसंघच उरला नाही आणि पूर्वेकडच्या पेठांचा भाग कसब्यात आला. सदाशिव, नारायण, शनिवार एवढं डोळ्यासमोर ठेवून जो माणूस कसब्याबद्दल बोलतो, त्याला रविवार पेठेतला व्यापारी, नाना-गंज पेठेतली वस्ती, मोमीनपुऱ्याच्या गल्ल्या दिसतच नाहीत. वर्तमानपत्रवाले दर वेळी ब्राह्मण मतदारांचा मतदारसंघ म्हणून लिहितात. तेवढ्या मतांवर इथे कोणी निवडून येत नाही, बापटही आले नसते.

1991 नंतरची ती हरलेली पोटनिवडणूक मी जवळून बघितली. स्लिपा वाटायच्या टेबलावर बसलो होतो. अण्णा जोशी दिल्लीला गेले म्हणून पेठा आपोआप आपल्या, असं कार्यकर्ते धरून चालले होते. त्या पराभवानंतर आमच्या भागात जे बदललं ते सांगतो. निवडणूक नसतानाही मतदार यादी घेऊन बसायची सवय लागली. कोण वारलं, कोण सुनेकडे कोथरूडला राहायला गेलं, कोणाचं नाव यादीत जुन्या वाड्याच्या पत्त्यावरच आहे, सगळं पेन्सिलीने लिहून ठेवायचं. वाडा पडला की तिथली पंधरा-वीस घरं शहरभर पांगतात, पण मतं इथेच राहतात. मतदानाच्या दिवशी ती माणसं धायरीहून, वडगाव शेरीहून आणायची तर पत्ता आणि फोन हाताशी हवा. हे काम दिसत नाही. सीट त्यावर निघते.

शनिवारकर

जुना_मतदार, अगदी हेच म्हणायचं होतं. बापट विधानसभेत गेले तरी वागायचे नगरसेवकासारखे. ड्रेनेज तुंबलं, रेशनकार्डात नाव चढत नाही, ससूनला खाट हवी, लोक आमदाराकडेच जायचे. आणि तो माणूस विरोधी पक्षातल्यांशी तितक्याच मोकळेपणाने वागायचा. राष्ट्रवादीच्या अंकुश काकडेंशी त्यांची मैत्री अख्ख्या पुण्याला माहीत होती. आज एका पक्षातले दोन गट एकमेकांच्या कार्यक्रमाला जात नाहीत, तेव्हा ही गोष्ट फार मोठी वाटते मला.

तांबटआळी

मी यात थोडा कडवट सूर लावणार आहे. बापटांबद्दल आदर ठेवूनच.

आमचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो. दोन मजली, मातीच्या भिंती, सागवानी तुळया. मागच्या सोप्यातली एक तुळई मधोमध वाकली आहे, तिला लोखंडी टेकू लावलाय. पावसाळ्यात पोपडे पडून भिंतीतली माती दिसते, मग आम्ही बाहेरून प्लास्टिकचा कागद ठोकतो. सात भाडेकरू होते, चार सोडून गेले, पण ताबा सोडला नाही, कुलपं लावून गेले. मालकाला पाडून बांधायचंय, आम्हालाही तेच हवंय. पण 2010 साली केंद्राच्या स्मारक संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगीशिवाय काही नाही. दुरुस्ती करता येते, तीही परवानगीने. मातीची भिंत किती वेळा दुरुस्त करणार?

शंभर मीटरच्या बाहेरच्यांचं दुखणं वेगळं. पेठेतली जागा अरुंद आणि लांबोळकी, शेजारच्या वाड्याला भिंत लागलेली. नव्या नियमात बाजूने जागा सोडायची म्हटली की बांधायला उरतं काय? एकेकटा वाडा उभाच राहत नाही, चार मालक एकत्र यावे लागतात. आणि चार मालक म्हणजे चाळीस वारस.

हे प्रश्न पंधरा-वीस वर्षं जुने आहेत. दर निवडणुकीच्या जाहीरनाम्यात वाड्यांचा पुनर्विकास असतो. मी माझ्या आमदाराला रेशनकार्डासाठी निवडून देत नाही, विधानसभेत कायदा आणि नियम बदलण्यासाठी देतो. पाच टर्म आणि त्यातली शेवटची मंत्री म्हणून. आमच्या भिंतीला टेकूच आहे अजून.

भीमथडी

मी मूळचा दौंड तालुक्यातला, आता हडपसरला असतो. तुम्ही सगळे बापटांना कसब्याचे आमदार म्हणून बघताय. आम्ही त्यांना पालकमंत्री म्हणून बघितलं, आणि तिथे त्यांचं खरं पाणी दिसलं असं मला वाटतं.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून 29 टीएमसीच्या आसपास पाणी. त्यावर पुणे शहर पिणार आणि त्याच धरणाच्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पालकमंत्री अध्यक्ष असतो. 2015 चा पाऊस दगा देऊन गेला, पुण्याला दिवसाआड पाणी सुरू झालं. 2016 च्या उन्हाळ्यात दौंड-इंदापूरला पिण्यासाठी कालव्यातून पाणी सोडायचा प्रश्न आला तेव्हा शहरातून केवढा विरोध झाला आठवतोय का? त्यांच्याच पक्षातली शहरातली माणसंही नाराज होती. पालिका निवडणूक वर्षावर आलेली. शहराचा आमदार असून त्यांनी पाणी सोडण्याच्या बाजूने निर्णय घेतला. आमच्या गावात विहिरी कोरड्या होत्या, जनावरं विकायला काढली होती. कालव्याला पाणी आलं त्या दिवशी माझे चुलते काठावर जाऊन बसले होते, रात्री उशिरापर्यंत उठले नाहीत.

आमच्याकडून त्यांना एक मत मिळणार नव्हतं. ना विधानसभेला, ना पुण्याच्या लोकसभेला. म्हणून मी त्यांना मानतो.

आकडेमोड

भीमथडी, पाण्याचा मुद्दा मान्य, चांगला मांडलात. पण अन्न व नागरी पुरवठा हेच खातं त्यांच्याकडे होतं आणि 2015 ला तूरडाळ 200 रुपये किलोपर्यंत गेली, हेही त्याच कारकिर्दीत. साठ्यांवरची मर्यादा उशिरा आली अशी टीका तेव्हा झाली होती आणि मला ती रास्त वाटते. पेठेत मध्यमवर्ग आहे, पण दिवसाच्या कमाईवर जगणारीही पुष्कळ घरं आहेत. त्या दिवाळीत वरणाऐवजी पातळ आमटीवर भागवलेलं मला आठवतंय.

जुना_मतदार यांच्या हरकतीबद्दल: मनसेची 2009 ची मतं मूळची युतीची होती हे बऱ्याच अंशी खरं धरू. मग 2023 ला तोच माणूस पंजावर उभा राहिला तेव्हा ती मतं त्याच्या मागे का गेली? पक्ष बदलला, चिन्ह बदललं, तरी मतं माणसाबरोबर सरकली. 2017 च्या पालिका निवडणुकीतही धंगेकरांनी भाजपची लाट असताना भाजपच्या गणेश बिडकरांना पाडलं होतं. म्हणजे शनिवारकर म्हणतात ते माणसाच्या कामाचं सूत्र बापटांइतकंच धंगेकरांनाही लागू पडतं.

रेवा

2023 ची पोटनिवडणूक हे माझं पहिलं मतदान. त्यामुळे माझ्यासाठी बापट म्हणजे केसरीवाड्यातला तो मेळावा. नाकात ऑक्सिजनची नळी, व्हीलचेअर, आणि कार्यकर्त्यांशी बोलताना लागलेली धाप. माझ्या आजीने टीव्हीवर बघितलं आणि ती रडली. म्हणाली, ह्यांना का आणलं, घरी झोपू द्यायचं होतं. घरातले सगळे पिढ्यान्पिढ्या कमळवाले. त्या वेळी आजीने मत दिलं कमळालाच, पण ती रागावून मतदानाला गेली होती.

आणि बापटांनंतर कसब्याच्या आमदार झालेल्या मुक्ताताई टिळकांचं. जून 2022 मध्ये त्या कॅन्सरशी झगडत असताना अॅम्ब्युलन्समधून मुंबईला जाऊन राज्यसभा आणि विधान परिषदेला मतदान करून आल्या. डिसेंबरमध्ये त्या गेल्या. त्यांच्या घरात तिकीट मिळेल असं इथे सगळ्यांना वाटत होतं. ते रासनेंना मिळालं. मला घराणेशाही आवडत नाही, पण त्या निर्णयाने आमच्या वाड्यात जे वातावरण झालं ते मी बघितलंय. बरेच जण मतदानाला उतरलेच नाहीत. त्या पोटनिवडणुकीत जेमतेम निम्मं मतदान झालं.

त्यात 'हू इज धंगेकर' असं चंद्रकांत पाटील बोलून गेले. ज्या माणसाला अख्खी पेठ दुचाकीवरून फिरताना रोज बघते, त्याच्याबद्दल असं बोलल्याचं लोकांना लागलं.

मी धंगेकरांना मत दिलं. 2024 ला लोकसभेलाही दिलं, तिथे ते मुरलीधर मोहोळांकडून सव्वा लाखाच्या आसपास मतांनी पडले. विधानसभेलाही दिलं. मार्च 2025 मध्ये ते शिंदेंच्या शिवसेनेत गेले तेव्हा मला फार लागलं. आकडेमोड, मतं माणसाबरोबर सरकतात म्हणता, पण मी त्या माणसाला मत देताना तो कोणाच्या विरोधात उभा आहे हेही बघितलं होतं. ते माझं मत होतं, त्यांच्याबरोबर कुठेही नेण्याची वस्तू नव्हती.

जुना_मतदार

रेवा, नीट लिहिलंस बाळा. एवढ्या वर्षांत पक्ष बदललेले पुष्कळ बघितले. बापटांचं एक होतं: तिकीट कापलं गेलं, पडले, ज्येष्ठ असून मागे ठेवले गेले, तरी घर बदललं नाही. कसब्यातल्या काँग्रेसच्या माणसालासुद्धा त्यांच्याबद्दल आदर होता, त्यामागे हे होतंच.

2019 बद्दल कोणीच बोललं नाही. बापट उमेदवार नसताना मुक्ताताई काँग्रेसच्या अरविंद शिंदेंपुढे 28 हजारांनी आल्या. युतीतली बंडखोरी असून. याचा अर्थ पक्षाची बांधणीही तेवढीच भक्कम होती. आणि 2023 ला तीच बांधणी असून 11 हजारांनी पडली. माझ्या अनुभवाने सांगतो, 2023 ला आमच्या बूथवर टेबल होतं, माणसं होती, याद्या होत्या. याद्या मोबाइलमध्ये होत्या. पण पांगलेल्या घरांना फोन करणारा माणूस बाहेरून आणलेला होता. समोरून विचारतात, कोण बोलतंय? तिथेच संपलं.

भीमथडी

एक गोष्ट नोंदवून ठेवतो, विषयाला धरून आहे. बापट गेल्यानंतर पुण्याला वर्षभराहून जास्त काळ खासदारच नव्हता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 151अ प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते, मुदत संपायला एक वर्षाहून कमी राहिलं असेल किंवा वेळेत निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्राशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तरच सूट. इथे वर्षाहून जास्त होतं. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि मग सार्वत्रिक निवडणूकच आली. आमदारकीच्या रिकाम्या जागेला दोन महिन्यांत निवडणूक, खासदारकीच्या जागेला नाहीच. पुणेकरांनी यावर जेवढं चिडायला हवं होतं तेवढे ते चिडले नाहीत.

शनिवारकर

तांबटआळी, तुमच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलंय. शंभर मीटरचा नियम संसदेच्या कायद्यातला आहे. कसब्याचा आमदार कोणीही असता, विधानसभेत उभं राहून तो बदलू शकत नव्हता. ठराव करून दिल्लीला पाठवणं, पाठपुरावा करणं, एवढंच. या बाबतीत बापटांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. बाजूला जागा सोडायचा नियम मात्र राज्याचा आहे, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तो मुंबईतूनच सुटायला हवा होता आणि अजूनही तिथेच सुटेल.

तांबटआळी

कायदा संसदेचा आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, त्याच कायद्याचे कागद घेऊन मी कार्यालयांचे उंबरे झिजवलेत. म्हणूनच तर 2019 ला बापट खासदार झाले तेव्हा मला सगळ्यात जास्त आशा वाटली होती. आमच्या बोळात राहणारी माणसं नावानिशी ओळखणारा खासदार दिल्लीत गेला होता. जानेवारी 2018 मध्ये लोकसभेने याच कायद्याची दुरुस्ती मंजूर केली होती, पण ती केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना शंभर मीटरच्या आत परवानगी देण्यापुरती. राज्यसभेत ती अडकली. त्यात राहत्या घरांचा शब्द नव्हता. तो घालून घेण्याची संधी त्यांना मिळेल असं मला वाटलं. मग कोविड आला, मग त्यांचं आजारपण. त्यांना दोष देत नाही, वेळच कमी मिळाला.

पण धागा निवडणुकांवर आहे म्हणून विचारतो. 1995 पासून आजपर्यंत पेठेत मतं मागायला आलेल्या किती उमेदवारांना आपण हा प्रश्न विचारला? आपण विचारतो गणेशोत्सवाच्या मांडवाचं, पार्किंगचं, पाण्याच्या दाबाचं. सप्टेंबर 2024 पासून जमिनीखालून मेट्रो धावते, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्थानकं झाली. वर आमच्या वाड्याचा टेकू आहे तसाच आहे.

आता पुढच्या वेळी दारात जो येईल, कुठल्याही पक्षाचा असो, त्याला मी आत घेऊन ती तुळई दाखवणार आहे आणि दोनच गोष्टी लेखी मागणार आहे: शंभर मीटरमधल्या राहत्या घरांसाठी दिल्लीत काय करणार, आणि छोट्या वाड्यांच्या बाजूच्या जागेसाठी मुंबईत काय करणार. शनिवारवाड्याच्या आसपासचं कोणी हे वाचत असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, मागणीचा कागद एकत्र करू.

रेवा

काका, आमचं घर दोनशे मीटरच्या पट्ट्यात येतं. आमच्या इमारतीतली तीन घरं सही करतील, आजीशी बोलून घेतलंय. निरोप पाठवलाय.